सरांचा आवाज

रिसालीच्या पाठीमागे, जिथं नवे प्लॉट संपतात आणि बोरींची झुडपं सुरू होतात, तिथं पत्र्याचं एक जुनं गोदाम आहे. आधी तिथं सिमेंटच्या गोण्या रचलेल्या असायच्या. आठ वर्षांपूर्वी सुमेध खोब्रागडेनं मालकाच्या विनवण्या करून ते मागून घेतलं, आत प्लायवूडची पंधरा फुटी भिंत उभी केली आणि तिच्यावर धरायला रंगीबेरंगी पकडी नटबोल्टनं आवळल्या. भिंत वर जाताना पुढे झुकत यायची, त्यामुळे चढणाऱ्याची पाठ जमिनीकडे व्हायची. लोक हसले. पोलादाच्या प्लांटमधला क्रेन ऑपरेटर पोरींना भिंतीवर चढायला शिकवतो, हे रिसालीत बरेच दिवस चघळलं गेलं. मग पोरी राज्याची मेडलं आणायला लागल्या आणि हसणारे आपापल्या पोरींना घेऊन गोदामाच्या दारात उभे राहू लागले.

सकाळची पाळी करून सुमेध अडीचला घरी यायचा, जेवायचा आणि चारला शटर वर सरकवायचा. शिकवण्याची त्याची पद्धत साधी आणि कडक होती. दाराच्या चौकटीवर बोटभर रुंदीची लाकडी पट्टी ठोकलेली होती. तिच्यावर बोटांच्या टोकांनी सात सेकंद लटकायचं, तीन सेकंद सोडायचं, पुन्हा सात सेकंद. बोटं भरून येईपर्यंत. "हाथ नहीं, पैर से चढ़ो," हे तो दिवसातून पन्नास वेळा म्हणायचा. भिंतीवर तो हिंदीतच बोलायचा, कारण गोदामात छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली सगळ्या घरांतल्या पोरी यायच्या. मराठी निघायची ती शटर खाली ओढल्यावर, घरी जाताना.

त्याच्या सगळ्या पोरींत अपेक्षा गजभिये वेगळी होती. एकोणीस वर्षांची, सडपातळ, लांब हाताची. वडील देवीदास रेल्वेत, डोंगरगढला नोकरी, शनिवारी घरी. आई सत्यशीलाताई आणि ती रिसालीतच तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. अपेक्षाच्या बोटांत जी ताकद होती ती सुमेधनं आपल्या वीस वर्षांच्या चढाईत कुणात पाहिली नव्हती. पण तिची नजर तिच्या हाताआधी घाबरायची. भिंत जिथं पुढे झुकते तिथं पोहोचली की ती वर पाहायची, आणि पाहताक्षणी तिचे दंड दगडासारखे व्हायचे, श्वास थांबायचा, बोटं उघडायची. डिसेंबरात रायपूरला निवड होती. तिथून वर गेलेल्या मुलीला देशाच्या संघाचं शिबिर मिळणार होतं. सुमेध स्वतः चोविसाव्या वर्षी अशाच एका निवडीतून एका पकडीनं मागं राहिला होता. ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे, पण अपेक्षा झुकावाखाली थांबली की त्याच्या तळहाताला घाम सुटायचा.

डोळ्यांवर पट्टी बांधायची कल्पना त्याला क्रेनच्या केबिनमध्ये सुचली. खालच्या माणसाच्या खुणा पाहून तो रोज कित्येक टन लोखंड हलवायचा, आणि ते नेमकं कुठं टेकणार हे बऱ्याचदा त्याला स्वतःला दिसायचं नाही. खालच्याच्या हातावर भरवसा ठेवायचा आणि दांडा ओढायचा. मग पोरीनं त्याच्या आवाजावर का ठेवू नये?

यासाठी खरा दगड हवा होता. अहिवाऱ्याच्या पुढे चुनखडीची एक बंद पडलेली खदान आहे. वाटेवरची धूळ पांढरी, बाभळीही पांढऱ्या. आत खाली उतरलं की एका टोकाला हिरवं, हलत नसलेलं पाणी आणि दुसऱ्या टोकाला साठ फूट उंच, सरळ कापलेली भिंत. राखाडी दगडावर पिवळे ओघळ, आणि सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या अर्ध्या नळ्या वरून खाली ओळीनं. चाळीस फुटांवर एक आडवा कट्टा होता, दोन वीत रुंद. त्याच्या वर भिंत पुढे झुकायची. सुमेधनं माथ्यावर स्वतः दोन जाड बोल्ट ठोकून त्यांतून दोर ओवला होता. दोराचं एक टोक चढणाऱ्या मुलीच्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं खाली सुमेधच्या. ती जसजशी वर जाईल तसतसा तो दोर ओढून घ्यायचा. तिचा हात सुटला तरी ती फूटभर खाली येऊन लोंबकळायची, बस. यात धोका नव्हता.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी तिघं दोन गाड्यांवर तिथं गेले. तिसरी कुरुदची शिल्पा. अपेक्षाची मैत्रीण, चढण्यात बेताची, पण मोबाइलवर चढाई टिपायची तिची हौस. नंतर ती बघून चुका काढता यायच्या.

अपेक्षानं काळा पंचा डोळ्यांवर घट्ट बांधला. चॉकच्या भुकटीच्या पिशवीत हात घातले, फुंकर मारली, दगडाला बोटं लावली.

"दायाँ हाथ, एक बजे," सुमेध खालून म्हणाला. तिच्या डोक्याभोवती घड्याळ आहे असं धरून तो दिशा सांगायचा. एक म्हणजे उजवीकडे वर, अकरा म्हणजे डावीकडे वर. "पकड़ी? अब बायाँ पैर, घुटने तक. साँस ले."

ती चढली. तिच्यात भीती म्हणून दिसलीच नाही. कट्ट्यावर पाय ठेवून ती वरच्या झुकावात शिरली आणि तिथं दोन हात पुढे गेली, तेव्हा बोटं सुटली. सुमेधनं तिला हळूहळू खाली उतरवलं. पंचा काढला तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती हसत होती.

"सर, ते शेवटचं लई भारी सांगतलं तुमी. खालून उलटा हात घालायचं. मले सुचलंच नसतं."

सुमेध दोर गुंडाळत होता. त्याला उलट्या हाताचं काही आठवेना. झुकावाच्या आतली ती खाच खालून दिसतच नव्हती. पण आठ तास क्रेनच्या धडधडीत काम करणाऱ्या माणसाला आपण काय काय बोलून गेलो ते कुठं आठवतं? सांगितलं असेल, असं म्हणून त्यानं दोर पिशवीत भरला.

पुढच्या रविवारी त्यानं मुद्दाम लक्ष ठेवलं. अपेक्षा कट्ट्यावर पोहोचली तसा तो गप्प झाला. ओठ मिटून, मान वर करून उभा राहिला. मनात आकडे मोजू लागला. एक, दोन, तीन. पाण्याकडून एक बगळा उडाला. सात, आठ.

अपेक्षानं मान किंचित कलती केली, कुणी हाक मारल्यावर करतात तशी. मग तिचा डावा हात थेट अकराच्या दिशेला गेला आणि अचूक एका पकडीवर बसला. त्यामागून उजवा पाय. चाचपडणं नाही, शोधणं नाही.

"जी सर," ती वरून म्हणाली.

सुमेधनं दोर दोन्ही हातांनी आवळून धरला.

खाली आल्यावर त्यानं विचारलं, "वर कोन सांगत होतं तुले?"

"म्हणजे? तुमीच." ती बाटलीतून पाणी पीत होती. "आज आवाज जरा जवळून येऊन राहिला होता. इको असंल."

"इको असंल," सुमेधही म्हणाला. खदानीत आवाज घुमतोच. पण न बोललेल्या शब्दाचा घुमारा कुठून यावा, हा प्रश्न त्यानं तिच्यासमोर काढला नाही.

शिल्पाला त्यानं बाजूला बोलावून व्हिडिओ मागितला. बाभळीच्या सावलीत दोघांनी तो पाहिला. अपेक्षा कट्ट्यावर येते. मोबाइलमध्ये वाऱ्याचा फरफराट. मग स्वच्छ, सावकाश, त्याच्याच खर्जातला आवाज: "बायाँ हाथ. ग्यारह बजे. डर मत, मैं हूँ."

"साफ आला आहे आवाज," शिल्पा म्हणाली. "काय झालं, सर?"

"काही नाही." त्यानं मोबाइल परत दिला. डर मत, मैं हूँ. असं तो कधीच कुणाला म्हणत नसे.

त्या आठवड्यात तो एका दुपारी पाळी संपवून एकटाच खदानीकडे गेला. माथ्यावरून दोर सोडून, स्वतःला बांधून, तो भिंतीवरून हळूहळू खाली उतरला. झुकावातल्या पकडी त्याला हातानं तपासायच्या होत्या. पकडी होत्या. उलट्या हाताची खाच होती, अकराची कडही होती. पण त्याला हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. चुनखडीला हात लावला की ती खरबरीत लागते, कातडी सोलते. इथं प्रत्येक पकड गुळगुळीत होती. मोठ्या शहरांजवळच्या प्रसिद्ध भिंतींवर असं होतं. हजारो हात वर्षानुवर्षं एकाच जागी घासले की दगड काचेसारखा चकाकू लागतो. ही भिंत सुरुंगानं उघडी पडून तीस वर्षंही झाली नसतील, आणि तिच्यावर चढणारे ते तिघंच. गुळगुळीत पकडींची ती ओळ कट्ट्यावरून वर निघत होती, डावीकडे वळत होती आणि जिथं भिंत पाण्यावर वाकते त्या कोपऱ्यापाशी संपत होती. माथ्याकडे ती जातच नव्हती.

तो वर येऊन दोर सोडवत होता तेव्हा शेळ्या घेऊन एक म्हातारी बाभळीखाली उभी दिसली. पंचफुला तिचं नाव. अहिवाऱ्याकडच्या वस्तीतली. ती बराच वेळ त्याच्याकडे निरखून बघत राहिली.

"रोज काबर चिल्लाथस, भइया?" तिनं विचारलं.

रोज का ओरडतोस. सुमेधला वाटलं तिची काही गफलत होतेय. तो म्हणाला, आम्ही फक्त इतवारी येतो, बाई.

"रोज," ती ठामपणे म्हणाली. "डेरी हाथ, जेवनी हाथ. बिहनिया ले." डावा हात, उजवा हात, सकाळपासून. मग तिनं काठीनं एक शेळी मागे वळवली. "कोन ल बलाथस?"

कुणाला बोलावतोस. उत्तराची तिनं वाट पाहिली नाही. शेळ्या भिंतीच्या बाजूची वाट सोडून लांबच्या चढणीनं निघून गेल्या.

इथं सुमेधनं थांबायला हवं होतं. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला हेच म्हणत राहिला. पण त्याच संध्याकाळी गोदामात अपेक्षा झुकत्या भिंतीवर पट्टीशिवाय चढली आणि पहिल्यांदाच न थांबता टोकाला पोहोचली. बाकीच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. ती उडी मारून खाली आली आणि धापा टाकत म्हणाली, "सर, जमलं! अजून एकदा खदान करू. आखरी. मंग रायपूर." निवडीला वीस दिवस उरले होते. सुमेधनं तिच्या चॉकनं माखलेल्या बोटांकडे पाहिलं आणि हो म्हणाला.

रविवारी भिंतीखाली त्यानं तिच्या कमरेची आठाच्या आकाराची गाठ स्वतः तपासली. दोनदा. मग म्हणाला, "आज पट्टी नको बांधू."

"कावून?"

"असंच."

"सर, पट्टीनंच तर जमून राहिलं मले. आजच कावून नाही म्हणता?" तिचा चेहरा उतरला. "एकदाच. प्लीज."

त्यानं गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. शेवटी म्हणाला, "बरं. पण ऐक. आज मी मराठीतच बोलीन. आपल्या घरच्यासारखं. हिंदीत काही ऐकू आलं तर ते ऐकू नको. हात हलवू नको."

अपेक्षानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "सर, दुसरं कोन आहे इथं?"

"कोनी नाही. सांगतो तेवढं कर."

शिल्पानं मोबाइल उचलला. अपेक्षानं पंचा बांधला. ऊन नुकतंच भिंतीवर चढत होतं आणि पाण्याच्या बाजूनं गार वारा येत होता.

"उजवा हात वर घे. थोडा अजून. हां. आता पाय."

ती वर जात राहिली. वीस फूट. तीस. सुमेधचे हात दोर ओढत होते आणि डोळे तिच्या पाठीवर होते. पस्तीस फुटांवर ती थांबली.

"सर, हिंदीत बोलून राहिलं कोनीतरी."

"ऐकू नको. डावा पाय वर घे."

"तुमचाच आवाज आहे, सर."

"मी मराठीत बोलून राहिलो, अपेक्षा. माझं ऐक."

तिनं पाय वर घेतला. कट्ट्याची कड तिच्या हाताला लागली. तिनं स्वतःला वर ओढलं आणि त्या दोन वीत जागेवर, भिंतीला छाती लावून उभी राहिली. मागे चाळीस फूट रिकामं. माथा अजून वीस फूट वर.

आणि मग सुमेधनंही ऐकलं.

आवाज वरून आला. ओरडून नाही. कट्ट्याच्या जरा वर कुणी ओणवं होऊन बोलावं, तसा.

"पोहोचली तू, पोरी."

त्याचाच आवाज. त्याच्या आईच्या गावची बोली.

"माथा आला. झालं सगळं. आता उभी राह्य आरामात."

शिल्पाचा मोबाइल खाली आला. ती सुमेधच्या तोंडाकडे बघत होती.

"अपेक्षा!" सुमेध ओरडला. "माथा नाही तो! कट्टा आहे! पट्टी काढ!"

"अपेक्षा," वरचा आवाज म्हणाला, आणि तोही तसाच घाबरलेला होता, तंतोतंत. "खालून कोनी ओरडून राहिलं, त्याचं ऐकू नको. मी इथं आहो. वर. गाठ सोड, म्हणजे तुले हात देतो."

"नको सोडू! मी खाली आहो!"

"मी वर आहो. गाठ सोड."

अपेक्षानं एकदा मान वर केली, एकदा खाली. पट्टीआड तिचा चेहरा काहीच सांगत नव्हता.

मग तिचा उजवा हात सावकाश कमरेकडे गेला.

सुमेधनं पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. तो जे म्हणेल ते वरूनही म्हटलं जाणार होतं. त्याच्या घशातून येणारा कुठलाही शब्द आता त्याचा एकट्याचा नव्हता. गाठीचा शेपटीकडचा फेरा सुटून लोंबताना त्याला खालून दिसला. दुसरा फेरा ती बोटांनी सैल करत होती.

त्यानं बोलणं सोडलं. दोन्ही हातांनी दोर आवळला, पाय भिंतीला लावले आणि पंच्याऐंशी किलोचा सगळा देह मागे झोकून दिला.

दोर तणाणला. अपेक्षा कट्ट्यावरून उचलली गेली, हवेत फिरली आणि उजव्या बाजूनं दगडावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज खालपर्यंत आला. ती किंचाळली.

गाठ अर्धी सुटलेली होती. वजनानं ती आवळली गेली होती, पण किती आणि किती वेळ, हे कुणालाच माहीत नव्हतं.

सुमेधनं तिला खाली सोडायला सुरुवात केली. वीतभर. मग वीतभर. जरा जोरात सोडलं तर धक्क्यानं गाठ निसटेल, आणि उशीर केला तरी निसटेल. तिचा डावा हात दोराला घट्ट धरून होता. शिल्पा खाली हात पसरून उभी होती, जणू त्यानं काही होणार होतं.

वरचा आवाज थांबला होता. ते जास्त वाईट होतं. कुणीतरी शांतपणे बघत असल्यासारखं.

जमिनीपासून पाच फुटांवर दोराचा शेवटचा फेरा निसटला. अपेक्षा शिल्पाच्या अंगावर कोसळली आणि दोघी धुळीत पडल्या. दोराचं मोकळं टोक हवेत डोलत राहिलं.

निघण्याआधी शिल्पानं व्हिडिओ न बघताच पुसून टाकला.

मनगट दोन जागी मोडलं होतं. दवाखान्यात सुमेधनं सत्यशीलाताईंना सांगितलं, सरावात पडली, चूक माझी. दुसरं काय सांगणार? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, खेळात होतेच असं, सर. रायपूरची निवड हातची गेली. अपेक्षा सुमेधकडे बघायची आणि नजर वळवायची. तिथंच त्यानं तिला एकदा विचारलं, "मी खाली होतो, हे समजलं नं तुले?" ती म्हणाली, "हो सर." पण त्या "हो"मध्ये त्याला खात्री ऐकू आली नाही.

नंतर पंधरा दिवस त्यानं गोदाम बंद ठेवलं. माथ्यावरचे बोल्ट काढायलाही तो गेला नाही. गजभियांच्या घरी जायचं रोज ठरवायचा आणि रोज टाळायचा. फोन हातात घेऊन ठेवून द्यायचा. घरीही तो कमी बोलू लागला होता. स्वतःचा आवाज खोलीत उमटला की त्याला दचकायला व्हायचं.

शेवटी एका गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास तो गेला. तीन मजले चढून दार वाजवलं. सत्यशीलाताईंनी उघडलं.

"जयभीम, सर. या, या." त्यांचा चेहरा खुलला. "तुमी आले, लई बरं झालं. तुमच्यामुळंच सावरली पोरगी. नाही तर पहिले दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती."

सुमेध उंबऱ्यातच थांबला. "माझ्यामुळं?"

"रोज दुपारी फोन करता नं तुमी. मले किचनमध्ये ऐकू येते सगळं. हे कर, ते कर, घाबरू नको. तिचे बाबाही म्हणत होते, असे सर कोनाले भेटते?" त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. "जा नं आत. आताच तर बोलून झालं तुमचं. मी चहा ठेवते."

त्यानं एकदाही फोन केला नव्हता.

भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली अपेक्षाची मेडलं. तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सुमेधनं ते ढकललं.

अपेक्षा खिडकीपाशी, पलंगावर गुडघे टेकून बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. डोळे मिटलेले. डाव्या हातात वडिलांच्या पेटीतला पेचकस. मोबाइल टेबलावर बंद पडलेला होता.

खिडकीच्या चौकटीवर स्क्रू ओळीनं मांडून ठेवलेले होते. चार. लोखंडी जाळीला एकूण सहा भोकं होती. वरची बाजू मोकळी होऊन जाळी बाहेरच्या अंगाला झुकली होती आणि तिच्या फटीतून खाली, तीन मजले खाली, सिमेंटचं अंगण दिसत होतं. तिथं कुणीतरी पापड वाळत घातले होते.

"अपेक्षा," तो म्हणाला.

"हो सर, करूनच राहिली." तिनं डोळे उघडले नाहीत. "आजचा निघत नाही लवकर. गंजला आहे."

"हे काय करून राहिली तू?"

तिनं डोळे उघडले. त्याला दारात पाहून ती गोंधळली. "तुमीच तर सांगतलं. रोज एकच. डाव्या हातानं, म्हणजे पकड बनते. डोळे मिटून. घाई करायची नाही." तिनं खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सहा झाले का मंग पुढचं सांगतो म्हणाले."

सुमेध पुढे गेला. तिच्या हातातून पेचकस काढून घेतला, स्क्रू मुठीत घेतले. जाळी आत ओढून धरली. "मी नाही सांगतलं, पोरी. मी पंधरा दिवसांत तुझ्याशी एक शब्द बोललो नाही."

"सर, तुमचा आवाज मले नाही का समजत?" ती जवळजवळ दयेनं म्हणाली. "तुमी खाली होते म्हणता. पन वरही तुमीच होते. मले हात द्यायले. कोनीतरी ओढलं मले."

तो तिच्यासमोर पलंगाच्या कडेवर बसला. जे बोलेल ते तिला दोघांपैकी एकाचं वाटणार होतं आणि कुणाचं, हे तीच ठरवणार होती. त्यानं फक्त तिचा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती, तो तिच्याकडे. बाहेर भांड्याचा आवाज झाला.

"सर," स्वयंपाकघरातून सत्यशीलाताईंनी विचारलं, "साखर किती टाकू?"

"अर्धा चमचा, ताई," बाहेरच्या खोलीतून त्याच्याच आवाजात उत्तर गेलं.

"बरं, सर."

सुमेध अर्धाच चमचा घ्यायचा. या घरात त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

अपेक्षाची नजर त्याच्या मिटलेल्या ओठांवरून हलली नाही. हळूहळू तिची बोटं त्याच्या हातात वळली आणि तिनं त्याचा हात घट्ट पकडला. एवढा घट्ट, की तिची नखं त्याच्या कातडीत रुतली.